रिकामी चोंच

कोंबडी हा विद्वत्सभेंत बोलण्याचा विषय समजला जात नाहीं. तिचें नांव निघालें कीं शहरांतल्या माणसास एक तर अंडें आठवतें, नाहीं तर पहांटे झोपमोड करणारा शेजारचा कोंबडा आठवतो. तरी आज मी आपल्यापुढें कोंबडीविषयींच बोलणार आहें; आणि तेंहि तिच्या अंड्याविषयीं नव्हे, तिच्या चोंचीविषयीं.

माझे एक मामा वर्धा जिल्ह्यांत, सेलू तालुक्यांत शेती करतात. कपाशी, तूर आणि सोयाबीन हीं त्यांचीं पिकें. पावसाचा आणि भावाचा भरंवसा नाहीं, तेव्हां हाताशीं एखादा जोडधंदा असावा, या विचारानें कांहीं वर्षांपूर्वीं त्यांनीं विहिरीजवळ पत्र्याची शेड उभारली आणि कर्ज काढून अंड्यांच्या जातीच्या दोनशें तलंगा आणून तींत सोडल्या. व्यवस्था पाहणाऱ्यानें वाहवा करावी अशी होती. जमीन सिमेंटची, रोज झाडून लख्ख ठेवलेली. तयार दाणेदार खाद्य भांड्यांतून भरलेलें. रात्रीं उशिरापर्यंत विजेचा दिवा. “यांना मेहनत म्हणून करायची नाहीं, खावें, प्यावें आणि अंडें द्यावें,” असें मामा मोठ्या कौतुकानें सांगत.

चैत्र संपतां संपतां एके दिवशीं सकाळीं तीन कोंबड्या मेलेल्या आढळल्या. पाठीवरचीं पिसें नाहींशीं झालेलीं आणि मागची बाजू फाटून आंतडीं बाहेर आलेलीं. मुंगूस शिरलें असा सर्वांचा तर्क झाला. जाळी दुरुस्त झाली, दाराशीं कुत्रा बांधला गेला. तरी दोन दिवसांनीं आणखी दोन गेल्या. तेव्हां मामी डाळ निवडावयाचें सूप घेऊन भर दुपारीं शेडच्या कोपऱ्यांत जाऊन बसल्या, आणि चोर त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला. एक कोंबडी निमूटपणें उभी होती. दुसरी तिच्या मागें आली, शेंपटीच्या बुडाचें एक पीस तिनें ओढून काढलें आणि गिळून टाकलें. मग दुसरें, मग तिसरें. शेवटीं रक्ताचा एक थेंब दिसला मात्र, दहाबारा कोंबड्या त्या थेंबावर तुटून पडल्या. मामींनीं हांक मारली, मामा धांवत आले, पण तोंपर्यंत सारा खेळ आटोपला होता. पंधरा दिवसांत दोनशेंपैकीं एकोणीस कोंबड्या अशा रीतीनें गेल्या. कर्जाचा पहिला हप्ता अद्याप भरावयाचा होता. मामा हताश होऊन म्हणाले, “मुंगसाला जाळी लावतां येते, घरांतलींच माणसें वैरी झालीं तर काय करावें?”

हा प्रकार मामांच्या एकट्याच्या घरचा नाहीं. जेथें जेथें पुष्कळ कोंबड्या एका छपराखालीं कोंडून पाळल्या जातात, तेथें तेथें, मग तें वर्धा असो कीं विलायत, हा उपद्रव केव्हांना केव्हां डोकें वर काढतो. आपल्यापैकीं कित्येकांच्या परसांत पांचसात कोंबड्या असतील. कित्येकांचे आप्त खेड्यांत हा धंदा करीत असतील. आणि ज्यांच्या घरीं अंडें बाजारांतून येतें, त्यांचाहि या प्रश्नाशीं संबंध आहेच. तेव्हां हें कां घडतें आणि तें कसें टाळावें, याचा आज विचार करूं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कोंबड्या एकमेकींना टोंचतात एवढ्यावरून कांहींतरी बिघडलें असें समजूं नये. नॉर्वे देशांत थॉर्लाइफ शेल्डरूप-एब्बे नांवाचा एक संशोधक होऊन गेला. त्याला लहानपणापासून कोंबड्या न्याहाळण्याचा नाद होता. १९२२ सालीं त्यानें आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं आणि जगास प्रथमच कळलें कीं कळपांतल्या प्रत्येक कोंबडीचा मान ठरलेला असतो. पहिल्या मानाची कोंबडी सर्वांना टोंचते, तिला कोणी टोंचीत नाहीं. दुसरी पहिलीस सोडून इतरांना टोंचते. याप्रमाणें उतरत उतरत शेवटची बिचारी सर्वांच्या टोंचा खाते. तिनें टोंचावें असें कोणी उरतच नाहीं. आपल्या जुन्या एकत्र कुटुंबांत सासू, थोरली जाऊ, मधली जाऊ आणि धाकटी जाऊ यांचा जसा क्रम असे, तसाच हा प्रकार. मौज अशी कीं हा क्रम एकदां ठरला म्हणजे भांडणें वाढत नाहींत, उलट मिटतात. दाण्यापाशीं कोणी आधीं जावें हें प्रत्येकीस ठाऊक असतें.

हें मानाचें टोंचणें डोक्यावर, तुऱ्यावर होतें. तें क्षणभराचें असतें आणि त्यांत राग असतो. मामींनीं पाहिलेलें टोंचणें याहून अगदीं निराळें. तें पाठीवर, शेंपटीच्या बुडाशीं, गुदद्वाराजवळ होतें. तें करणारी रागावलेली नसते. जमिनीवरचा किडा वेंचावा तितक्याच शांतपणें ती पीस वेंचते. म्हणून आपल्या कोंबड्यांकडे पाहतांना खूण ध्यानांत ठेवावी: तुऱ्यावर टोंच बसली तर तो कुलधर्म समजून सोडून द्यावा, पाठीवर किंवा शेंपटीवर बसूं लागली कीं सावध व्हावें.

रागच नाहीं, तर मग हें कशासाठीं? याचें उत्तर चोंचीच्या स्वभावांत आहे. आपल्याला जसे हात, तशी कोंबडीला चोंच. हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्वेकडील अरण्यांपर्यंत आढळणारा तांबडा रानकोंबडा हा आपल्या पाळीव कोंबड्यांचा मूळ पुरुष. पालापाचोळा पायांनीं उकरावा, चोंचीनें चाळावा, एखादें बीं, एखादी वाळवी उचलावी, आणि पुन्हां उकरावें, यांतच त्या पांखराच्या दिवसाचा बहुतेक वेळ जातो. पोट भरण्यास इतका वेळ लागे, म्हणून तितका वेळ काम करण्याची ओढ त्याच्या रक्तांत उतरली. आतां आपण त्याच्या वंशजांपुढें दाण्यानें भरलेलें भांडें ठेवतों. पोट अर्ध्या घटकेंत भरतें. पण चोंचीची भूक शिल्लक राहते. पायाखालीं सिमेंट, समोर लोखंडी जाळी. हलणारें, उचलण्याजोगें, ओढून पाहण्याजोगें असें एकच कांहीं जवळ उरतें, आणि तें म्हणजे शेजारणीचें पीस. १९८० नंतरच्या दशकांत नेदरलंड्समधील अभ्यासकांनीं हाच विचार मांडला: पिसें उपटणें म्हणजे जमीन टोंचण्याच्याच प्रेरणेला लागलेलें चुकीचें वळण होय. त्यानंतर झालेल्या पुष्कळ प्रयोगांनीं या विचारास बळकटी दिली आहे.

आम्हांस मात्र हें कळण्यासाठीं ग्रंथ उघडावे लागले नाहींत. मामांच्या शेतावर निंदणास येणारी एक वृद्ध बाई शेडमध्यें डोकावली आणि म्हणाली, “भाऊ, यायले उकरायले मातीच नाही ठेवली तुमी. मंग थ्या काय करतीन?” तिच्या घरीं सातआठ गावठी कोंबड्या होत्या. दिवसभर त्या उकिरड्यावर असत, सायंकाळीं डालग्याखालीं जात. त्यांच्या अंगावरचें पीस कोणी उपटल्याचें तिला आठवत नव्हतें. ज्या उकिरड्यास आपण नांवें ठेवतों, तो कोंबडीच्या दृष्टीनें तिची शाळा, तिचा कारखाना आणि तिचें वाचनालय होय!

शाळेचा उल्लेख मीं उगाच केला नाहीं. १९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत वर्धा येथें शिक्षणपरिषद भरली आणि हाताच्या उद्योगांतून शिक्षण द्यावें, ही गांधीजींची योजना देशापुढें आली. तिलाच पुढें नई तालीम म्हणूं लागले. हाताला लहानपणीं काम मिळालें म्हणजे बुद्धीस वळण लागतें, हें तिचें मर्म. कोंबडीच्या पिलाची गोष्ट निराळी नाहीं. पहिल्या दोनचार आठवड्यांत पिलूं कशास टोंचावें आणि कशास टोंचूं नये हें शिकत असतें. त्या वयांत त्याच्या पायाखालीं भुसा, कुटार, थोडी वाळू असेल, तर त्याची चोंच जमिनीकडे वळते. जाळीवर किंवा उघड्या फरशीवर वाढलेलीं पिलें सोबत्यांच्या पिसांकडे वळण्याचा धोका अधिक. आणि मोठेपणीं त्यांच्याखालीं कितीहि भुसा पसरला तरी लहानपणचें वळण पूर्णपणें जात नाहीं. म्हणून तलंगा विकत घेतांना त्यांचें वय आणि जात विचारतों, तसेंच त्या कशावर वाढल्या हेंहि विचारावें.

पिलांच्या बाबतींत आणखी एक बारकावा आहे. खुडूक कोंबडी पिलांना पंखांखालीं घेते तेव्हां तेथें ऊबहि असते आणि काळोखहि असतो. झोंपलेलें पिलूं जागें असलेल्या भावंडांना दिसत नाहीं, म्हणून त्याला कोणी टोंचीत नाहीं. आपण ऊब देण्यासाठीं प्रखर दिवा टांगतों. मग झोंपलेलीं आणि जागीं पिलें एकाच उजेडांत राहतात. ऊब देणाऱ्या साधनाभोंवतीं कापडाची झालर सोडून आंत काळोख ठेवला, तर पुढें पिसें उपटण्याचें प्रमाण कमी राहतें, असा अनुभव प्रयोगांतून आलेला आहे. युक्ति कोंबडीचीच आहे. आपण फक्त तिची नक्कल करावयाची. मात्र कापड ऊब देणाऱ्या साधनास लागून जळणार नाहीं, ही काळजी घेतली पाहिजे.

आतां वर्ध्याच्या हवेकडे वळूं. या जिल्ह्याचा उन्हाळा काय असतो हें ज्यांनीं अनुभवलें आहे त्यांस सांगणें नको. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. कोंबडीस घाम येत नाहीं. चोंच उघडून धापा टाकणें हाच तिचा पंखा. तीस-बत्तीस अंशांवर उष्मा गेला कीं ती अस्वस्थ होऊं लागते, दाणा कमी खाते, आणि कमी खाल्ल्यामुळें अंगास लागणारीं द्रव्यें तिला पुरेशीं मिळत नाहींत. त्यांत पत्र्याचें छप्पर म्हणजे तवाच. अशा वेळीं पाण्याच्या भांड्यापाशीं गर्दी होते, गर्दींत धक्काबुक्की होते, आणि एखादीला जखम झाली कीं पुढचा अनर्थ ओढवतो.

यावर उपाय साधे आहेत. छपरावर पऱ्हाट्या किंवा तुराट्या अंथराव्या. जाळीस बाहेरून गोणपाट लावून दुपारीं तें भिजवावें. त्यानें उष्मा कमी होतो आणि दुसराहि एक लाभ होतो: आंतला उजेड सौम्य होतो. प्रखर उजेडांत लहानसा ओरखडा, रक्ताचा ठिपका सर्वांस लांबून दिसतो. मंद उजेडांत तो लपतो. पत्र्याच्या भोंकांतून उन्हाचा कवडसा पडत असेल तर तें भोंक बुजवावें. रात्रीं दिवा लावावयाचाच असेल तर सूर्यप्रकाश धरून एकंदर सोळा तासांहून अधिक उजेड नसावा, आणि तलंगा अंड्यावर येण्याच्या वयाच्या होण्यापूर्वीं तर लावूंच नये. अवेळीं दिवा लावून अंड्याची घाई केली म्हणजे कोंवळ्या अंगाच्या कोंबडीस मोठें अंडें देतांना इजा होते. आणि ती इजाच पुढें तिच्या जिवावर बेतते. मामांच्या शेडमधल्या पहिल्या तीन मृत्यूंचें कारण बहुधा हेंच असावें.

जागेचा हिशेबहि काटेकोर असावा. भुशावर पाळलेल्या अंड्याच्या कोंबडीस निदान दोन चौरस फूट जागा लागते. परसांत जागा असेल तर याच्या दुप्पट द्यावी. खाद्याच्या भांड्याची कड दर कोंबडीस चार इंच मिळावी, म्हणजे शेवटच्या मानाच्या कोंबडीलाहि उपाशी राहण्याची पाळी येत नाहीं. पाण्याचीं भांडीं एकाच कोपऱ्यांत न ठेवतां दोनतीन ठिकाणीं मांडावीं. रात्रीं बसण्यासाठीं बांबूच्या दांड्या असाव्या, परंतु त्या इतक्या उंच असाव्या कीं खालीं फिरणारीची चोंच वर बसलेलीच्या शेंपटीपर्यंत पोंचूं नये. बेताच्या उंचीची दांडी फायद्यापेक्षां तोटाच अधिक करते.

अंडें देण्याच्या जागेविषयीं दोन शब्द अधिक बोललें पाहिजे. अंडें बाहेर पडल्यावर कांहीं क्षण कोंबडीच्या मागच्या भागाची आंतली ओलसर तांबडी त्वचा बाहेर दिसते. एकांत असेल तर ती आपोआप आंत जाते आणि कोणास पत्ताहि लागत नाहीं. पण कोंबडी उघड्यावर, भर उजेडांत अंडें देत असेल, तर तो तांबडा रंग पाहून दुसरी चोंच मारते. आंतडीं बाहेर पडण्यापर्यंत मजल जाते ती येथूनच. म्हणून दर पांच कोंबड्यांस एक याप्रमाणें खोकीं ठेवावीं, त्यांत मऊ गवत घालावें आणि तोंडाशीं गोणपाटाचा पडदा सोडावा. बाळंतिणीच्या खोलीस आपण पडदा लावतों तो कांहीं केवळ रूढि म्हणून नव्हे!

खाद्याच्या बाबतींत वर्धा जिल्हा भाग्यवान आहे. मात्र हातचें धान्य नीट वापरावयास हवें. पीस हें जवळजवळ सगळें प्रथिनाचें बनलेलें असतें, आणि त्यांत गंधकयुक्त अंशांचा भरणा मोठा असतो. खाद्यांत प्रथिनें कमी पडलीं, विशेषतः मेथिओनिन नांवाचा गंधकयुक्त अंश कमी पडला, कीं अंगावरचीं पिसें निकस होतात आणि पिसें उपटण्याची खोड बळावते. अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या खाद्यांत शेकडा सोळा ते अठरा भाग प्रथिनें असावीं. सोयाबीनच्या पेंडींत प्रथिनें पुष्कळ, पण मेथिओनिन बेताचेंच. तिळाच्या पेंडींत तेंच भरपूर. मात्र लायसिन नांवाचा दुसरा अंश तींत कमी, जो सोयाबीनमध्यें विपुल आहे. दोहोंचा मेळ घातला कीं एकीचें उणें दुसरी भरून काढते. येथें एक इशारा देणें जरूर आहे. घरचें सोयाबीन आहे म्हणून तें कच्चें भरडून घालूं नये. कच्च्या दाण्यांत प्रथिनांचें पचन होऊं न देणारें द्रव्य असतें. तें नीट भाजावें किंवा त्याची पेंड वापरावी. सरकीच्या ढेपेचाहि मोह आवरावा. तिच्यांतील गॉसिपॉल नांवाच्या विषारी द्रव्यानें कोंबडीस अपाय होतो आणि अंड्याचा बलक काळपट पडतो.

मीठ हा पदार्थ लहान, पण त्याचा अभाव मोठा. खाद्यांत मीठ नसेल तर कोंबड्या रक्ताच्या चवीकडे ओढल्या जातात. शंभर किलो खाद्यास तीनशें ते चारशें ग्राम मीठ पुरे. अधिक घालूं नये. तसेंच खाद्य फार निर्भेळ असणेंहि बरें नव्हे. १९४० सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं ओटच्या टरफलांतील तंतुमय भाग खाद्यांत घातला असतां कोंबड्यांचा हा उपद्रव कमी होतो असें दाखवून दिलें. आपल्याकडे गव्हाचा कोंडा तेंच काम करील. आणि दाणेदार खाद्यापेक्षां भरडलेलें खाद्य बरें, कारण तें वेंचून खाण्यास वेळ लागतो. माणसाच्या जेवणांत वेळ वांचवावा. कोंबडीच्या जेवणांत तो घालवावा.

एवढें करूनहि कधीं रक्त दिसलेंच तर काय करावें? पहिली गोष्ट, जखमी कोंबडी त्याच क्षणीं बाहेर काढावी. संध्याकाळीं पाहूं असें म्हणूं नये. जखम धुवून तीवर जंतुनाशक औषध लावावें. औषध निळें असल्यास रक्ताचा तांबडा रंगहि झांकला जातो. तिला वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवावें, पण तो पिंजरा इतर कोंबड्यांच्या नजरेसमोर असावा. नाहीं तर आठ दिवसांनीं परत आलेली कोंबडी कळपाला परकी वाटते आणि पुन्हां मार खाते. दुसरी गोष्ट, आरंभ करणारी कोण हें पाहावें. बहुतेक वेळां दोनतीनच असतात, आणि त्यांचें पाहून इतर शिकतात. त्यांना वेगळें केल्यानें कळप निवळतो. तिसरी गोष्ट, रात्रीं कंदील घेऊन दांड्यांच्या फटी तपासाव्या. तांबड्या गोचिडीसारखे बारीक किडे दिवसा फटींत लपतात आणि रात्रीं रक्त पितात. त्यांनीं बेजार झालेल्या कोंबड्या चिडचिड्या होतात. चौथी गोष्ट, ताबडतोब चोंचींना काम द्यावें. कोबीचा गड्डा, मेथीची किंवा लसूणघासाची जुडी, शेवग्याच्या पाल्याची डहाळी, डोक्याच्या उंचीवर दोरीनें टांगावी. उडी मारावी, पान ओढावें, पुन्हां उडी मारावी, यांत तासच्या तास जातो.

आतां त्या उपायाकडे वळूं जो मामांना त्यांच्या एका हितचिंतकानें प्रथम सुचविला होता. तो म्हणाला, “चोंचच कापून टाका.” मोठमोठ्या कुक्कुटपालनगृहांत तापलेल्या पात्यानें पिलांच्या चोंचीचें टोंक छाटण्याची चाल आहे, कांहीं ठिकाणीं तें काम किरणांच्या साह्यानें करतात. यानें मृत्यु कमी होतात, हें नाकारण्याचें कारण नाहीं. हजारो कोंबड्या पाळणारे धंदेवाले केवळ दुष्टपणानें असें करतात असेंहि कोणी समजूं नये. परंतु चोंच म्हणजे नुसतें नख नव्हे. तिच्या टोंकाशीं मज्जातंतूंचें जाळें असतें. १९८५ सालीं स्कॉटलंडमधील संशोधकांना असें आढळलें कीं, चोंच छाटल्यावर त्या तुटलेल्या तंतूंच्या टोंकांशीं गांठी तयार होतात आणि त्यांतून वेदनेचे असावेत असे संदेश उठत राहतात. माणसाचा पाय कापल्यावर नसलेला पाय दुखतो म्हणतात, त्यापैकींच हा प्रकार. नॉर्वेनें ही चाल १९७४ सालीं आणि स्वीडननें १९८८ सालीं कायद्यानें बंद केली. आणि तरीहि त्या देशांतून अंडीं नाहींशीं झालीं नाहींत.

याहून सौम्य आणि जरा गमतीचा एक उपाय अमेरिकेंत निघाला होता. १९०३ सालीं टेनेसी संस्थानांतील अँड्र्यू जॅक्सन नांवाच्या गृहस्थानें कोंबड्यांच्या डोळ्यांस लावावयाच्या चष्म्याचें पेटंट घेतलें! डोळ्यांस इजा होऊं नये एवढाच त्याचा हेतु होता. पुढें तांबड्या कांचेचे चष्मे निघाले, त्यामागचा तर्क असा कीं सगळेंच तांबडें दिसलें म्हणजे रक्त उठून दिसणार नाहीं. ऐकून हंसूं येतें. पण विचार केला तर छाटणें काय आणि चष्मा काय, दोन्ही उपाय कोंबडीस आपल्या खुराड्याच्या मापानें बनवूं पाहतात. खुराडें कोंबडीच्या मापाचें करावें हें दोघांसहि सुचत नाहीं.

जातीचाहि यांत भाग आहे, आणि त्याविषयींचा एक प्रयोग फार उद्बोधक आहे. अंडीं वाढविण्यासाठीं पैदास करणारे सर्वांत अधिक अंडीं देणारी एकेक कोंबडी निवडीत आले. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाचे विल्यम म्यूर यांनीं निराळी वाट धरली. त्यांनीं बहिणीबहिणींचे गट पिंजऱ्यांत एकत्र ठेवले आणि एकटी कोंबडी न निवडतां जो गट एकत्र नांदून चांगलीं अंडीं देईल तो सबंध गट पुढील पिढीसाठीं निवडला. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें, चोंचीहि न छाटलेल्या या कोंबड्यांत दुसऱ्या पिढींत वर्षास शेकडा ६८ मरत होत्या. चौथ्या पिढींत तें प्रमाण शेकडा ९ च्याहि खालीं आलें. दुसऱ्यास तुडवून पुढें जाणारीस बक्षीस दिलें कीं कळपांत तुडविणाऱ्याच वाढतात. सर्वांच्या कल्याणांत एकाचें कल्याण आहे, हें वाक्य वर्धा जिल्ह्याच्या कानांस ओळखीचें आहे. पण त्याचा पुरावा एखाद्या दिवशीं कोंबड्यांच्या पिंजऱ्यांतून मिळेल असें कोणास वाटलें असतें?

आतां कोणी म्हणेल, सेवाग्राम आणि पवनार यांच्या जिल्ह्यांत अंड्याची चर्चा कशाला? १९४२ सालीं आगाखान महालांत स्थानबद्ध असतांना लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकांत गांधीजींनींच असा अभिप्राय दिला आहे कीं, ज्यास दूध चालतें त्यास निर्बीज अंडें चालण्यास हरकत नसावी. तो वाद ज्याचा त्यानें आपल्या घरीं सोडवावा. मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, अंड्यांत जीव नाहीं असें ठरविलें तरी अंडें देणारीस जीव आहे, हें विसरतां येत नाहीं.

मामांनीं शेवटीं चोंचींना हात लावला नाहीं. त्यांनीं सिमेंटवर सहा इंच जाडीचें कोरडें सोयाबीनचें कुटार पसरलें आणि त्यावर रोज दुपारीं मूठमूठ ज्वारी उधळण्याचा परिपाठ ठेवला. दिवा काढला, खोक्यांना पडदे लावले, छपरावर पऱ्हाट्या घातल्या. शेडच्या मागें जाळीचें एक अंगण करून सकाळ-संध्याकाळ कोंबड्यांना तेथें सोडलें. दुसऱ्या दिवशीं सर्व ठीक झालें असें मी सांगितलें तर तें खोटें ठरेल. आणखी चार कोंबड्या गेल्या. ज्यांची खोड मुरली होती अशा तिघींना वेगळें ठेवावें लागलें. आणि उघड्या पडलेल्या पाठींवर पिसें येण्यास पावसाळा उजाडला. पावसाळ्यांत कुटार ओलें होऊन त्याचे गोळे बनूं लागले, तेव्हां तें रोज दाताळ्यानें हलवावें लागे आणि बुरशी धरलेलें फेंकून द्यावें लागे. पण आषाढांत मीं जाऊन पाहिलें तेव्हां शेडमधून कलकल ऐकूं येत नव्हती; सुकलेल्या पानांवर पाऊस पडावा तसा उकरण्याचा एकसारखा आवाज येत होता. कर्जाचे हप्ते उशिरां कां होईना, पण भरले गेले.

तेव्हां, श्रोतेहो, ज्यांच्या परसांत कोंबड्या आहेत त्यांनीं आज घरीं एवढेंच पाहावें कीं, पोट भरल्यानंतर आपल्या कोंबडीच्या चोंचीस करावयास कांहीं उरतें कीं नाहीं. उरत नसेल तर एक टोपली पालापाचोळा आणि एक मूठ दाणे, एवढ्यावर आरंभ होतो. आणि ज्यांच्या घरीं अंडीं विकत येतात, त्यांनीं विकणाऱ्यास भाव विचारतांना कोंबड्या कशा ठेवतां हेंहि एकदां विचारावें. गिऱ्हाइकानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर दुकानदारास केव्हांना केव्हां शोधावें लागतेंच.